कुट्टी मशीन आणि आम्ही दोघी जावा

फोन आला तेव्हा मी म्हशीखाली बसले होते. सकाळची धार अर्ध्यावर आली होती. आमचे हे मोबाईल कानाला लावून गोठ्याच्या दारात उभे राहिले, "हां... हां..." एवढंच म्हणत राहिले, आणि मला कळलं. नांदेडच्या दवाखान्यातून फोन होता. माझी थोरली जाऊ, सरूबाई, पहाटे गेली. मी धार सोडून उठले नाही. अर्धी धार सोडली की सड सुजतो, आणि हे सरूबाईंनाही पटलं असतं. दूध पूर्ण काढलं, चरवी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले. तेवढ्यात हे म्हणाले, "आता मशीनचं कसं व्हईल?" सख्खी वहिनी गेली आणि माणसाच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते कुट्टी मशीनचं. मी समोरच उभी होते. त्या मशीनजवळ वर्षानुवर्षं बॅटरी धरून मीच उभी राहिले, पण ते यांच्या डोळ्यांना कधी दिसलंच नव्हतं. रडू यायच्या आधी मला राग आला. गेल्यावरही बाईंनी मला मागं सारलं, असं वाटलं. जे वाटलं तेच लिहिते आहे, गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ आहेत.

आमचं गाव सेनगावपासून आत, कच्च्या रस्त्यावर. रान सगळं कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. घर खरं चालायचं ते गोठ्यावर. काही म्हशी, दोन संकरित गाई, दावणीच्या टोकाला शेळ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा नव्वदचं साल नुकतंच लागलं होतं आणि कडबा विळ्यानं तोडत होतो. सकाळी आम्ही दोघी जावा समोरासमोर बसायचो, खाली लाकडी ठोकळा, हातात विळा. तेव्हा आमच्यात काही उणंअधिक नव्हतं. ती थोरली म्हणून मी तिला बाई म्हणायची, ती मला कमल म्हणायची. पुढं थोरल्या भाऊजींनी हिंगोलीहून जुनी कुट्टी मशीन आणली. लोखंडी मोठं चाक, त्याला दोन पाती, बाजूला मोटार, मधे पट्टा. एका बाजूनं कडबा सारायचा, दुसऱ्या बाजूनं बारीक कुट्टी पडायची. ती मशीन गोठ्यात आली आणि सरूबाई माझ्या पुढं निघून गेल्या, त्या शेवटपर्यंत.

सुरुवातीला मशीन बिघडली की सेनगावचा मिस्त्री बोलवावा लागे. जीप भरल्याशिवाय सुटायची नाही आणि मिस्त्री जीपमध्ये बसला तरी आमच्या फाट्यावर उतरेलच याची खात्री नाही. तो दोनदा आला. दोन्ही वेळा बाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या, त्यानं काढलेला एकेक नट पदरात धरून. "बाई, जरा सरका की," तो म्हणायचा. त्या सरकायच्या नाहीत. तिसऱ्या वेळी पट्टा उतरला तेव्हा बाईंनी भाऊजींना जाऊच दिलं नाही. "त्याच्या हाताला काय सोनं लागलंय?" म्हणून स्वतः पाना घेतला. पट्टा चढला, मशीन चालली, आणि गावभर झालं. मीही तेव्हा टाळ्या वाजवल्याच की. मला काय माहीत, पुढं काय वाढून ठेवलंय.

तो पाना मग बाईंनी कमरेला खोवला. दुसऱ्या बायका किल्ल्यांचा जुडगा खोवतात तसा. लग्नाला गेल्या तरी पिशवीत पाना. मशीनच्या मागोमाग बाकीचंही सगळं त्यांच्याकडं गेलं. हापशाचा वायसर गेला की त्या जुन्या चपलेचं चामडं कापून बसवायच्या. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला खाली जी झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात, ती गळायला लागली की पाइप वर ओढून घ्यायला दोन गडी लावायच्या आणि झडप स्वतः खोलायच्या. दुधाच्या कॅनचं झाकण, गव्हाणीची निसटलेली फळी, फवारणीच्या पंपाचा दट्ट्या... गोठ्यात काही मोडलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. आणि माझं काम काय, तर बॅटरी धरायचं. मशीन गोठ्याच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली, तिथं भर दुपारीसुद्धा अंधार. "कमल, बॅटरी आण." मी न्यायची. "वर धर. अगं वर. माझ्या डोळ्यात काहून मारून राहिली?" मी वर धरायची. आत काय काय आहे ते मला सगळं दिसायचं, बेरिंग कुठं, ग्रीस कुठून घालायचं, कुठला नट उलटा फिरतो. पण हात घालायला गेले की फटकन आवाज यायचा, "हात मागं. बोटं जातील." तुमची बोटं कशी जात न्हाईत, असं माझ्या अगदी ओठावर यायचं. बोलले मात्र नाही, थोरलीला कोण बोलणार?

बाई साध्या होत्या, अबोल होत्या, असलं काही मी लिहिणार नाही. त्या अजिबात साध्या नव्हत्या. मशीन खोलली की आजूबाजूला माणसं जमलेली त्यांना आवडायची. मशीनला शिव्या द्यायच्या, "भवाने, आताच बरी होतीस की, पाहुणे बघून नखरे करून राहिली का?" आणि लोक हसायचे. पाती बसवून झाली की त्यांची एक रीत होती. मोटार बंद ठेवून चाक हातानं फिरवायच्या आणि पात्यात ज्वारीचं एक वाळलेलं पान सोडायच्या. पान स्वच्छ तुटून पडलं की पातं बराबर बसलं. पान नुसतं मुडपून बाहेर आलं की पुन्हा पाना. ते तुटलेलं पान मग त्या उचलून सगळ्यांना दाखवायच्या. हो, दाखवायच्या. मिरवायच्या. आणि मला तो मिरवलेला हात बघवायचा नाही.

औंढ्याला माझ्या मावसबहिणीच्या लेकीचं लग्न होतं. माझ्या माहेरची माणसं, माझी भावंडं, मांडवही माझ्या नात्याचा. तिथं एका बाईनं दुसरीला माझी ओळख करून दिली, "ही बघ, ती मशीनवाली बाई न्हाई का, तिची जाऊ." दुसरी म्हणाली, "व्हय का? आमच्या शिलाई मशीनचं सांगता का वं त्यांना?" माझ्या माहेरच्या मांडवात मी कोण, तर तिची जाऊ. परतीच्या यष्टीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. बाई शेजारी होत्या, पिशवीतला पाना माझ्या मांडीला टोचत होता. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. "डोकं दुखतंय," मी म्हणाले.

आता कुणी म्हणेल, तुझ्या हातात काहीच नव्हतं का? होतं की. धार माझ्या हातात होती. आमच्या म्हशी माझ्याशिवाय पान्हवायच्या नाहीत. मी माहेरी गेले की हे डोकं धरून बसायचे. म्हैस पाय झाडायची, दूध वर चढवायची, रेडकू लावलं तरी द्यायची नाही. बाई बसल्या तर मान वळवून बघायची आणि सरळ चरवीवर पाय द्यायची. पण दूध काढणाऱ्या बायका घराघरात आहेत. त्याचं कोण काय सांगणार? धार काढताना आवाज होतो तो चरवीत, दोन हातांपलीकडं जात नाही. बंद पडलेली मशीन सुरू झाली की गल्लीला ऐकू जातं. मी तेवढंच मागत होते हो, की कधीतरी एकदा काहीतरी मोडावं आणि कुणीतरी मला हाक मारावी.

मशीनची पूजा हाही बाईंचाच मान होता. खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन पुसून मांडतात, विळे, कुऱ्हाडी, पास, कुळव, आणि मशीन जागेवरच पुजतात. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, चाकाला नाडा. त्या दिवशी आणि दसऱ्याला अवजाराला विसावा. मशीन आल्यापासून तिला कुंकू बाईच लावत होत्या. मग दोन हजारच्या आसपास, पावसाळ्यात, थोरले भाऊजी गेले. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि गेलेच. बाईंचं कपाळ मोकळं झालं. खंडेनवमीच्या सकाळी आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, कुंकवाचा करंडा हातात घेऊन ओसरीवर थांबल्या. एकदा बाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "यंदा धाकटी करंल," त्या म्हणाल्या. बाई आत गेल्या. भाऊजींचं दुःख मलाही होतं, ते मला बहिणीसारखं वागवायचे. पण करंडा हातात आला तेव्हा बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

मी काही कसर ठेवली नाही. बाई चाकावर एक बोट लावायच्या, मी पाच बोटं लावली. चाकाला, पट्ट्याच्या कप्पीला, मोटारीच्या पाठीला आणि मोटारीच्या त्या डब्यालाही, ज्यावर चालू-बंदची बटणं असतात. ओलं कुंकू, ओली हळद, वरून अक्षता. नवरीसारखी सजवली मशीन. दोन दिवस सगळ्यांनी बघितली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी गोठ्यात गेले आणि हिरवं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. बटण आत जाऊन तसंच रुतून बसलं. म्हशी ओरडायला लागल्या, हे आले, आत्याबाई आल्या. सगळ्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. आणि मग, काय सांगू, हाक गेलीच.

बाई आल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. त्यांनी आधी फ्यूज काढून माझ्या हातात दिला. पेचकसनं डबा खोलला, आतून तांदळाचे दाणे आणि वाळलेल्या कुंकवाचा लगदा नखानं खरडून काढला. "पूजा केलीस का पुरण भरलंस गं?" त्या म्हणाल्या. हे हसले. मी बॅटरी धरून उभी, बॅटरी चालू होती आणि माझं तोंड पडलेलं. बटण मोकळं झालं, फ्यूज बसला, मशीन सुरू झाली. बाईंना घाम आला होता. त्यांनी उजव्या हाताच्या बोटांनी कपाळ पुसलं... आणि कपाळावर इकडून तिकडं लालभडक पट्टा उमटला. आमचं सगळ्यांचं बोलणं थांबलं. मशीन तेवढी चालू. आत्याबाई पुढं झाल्या. "मोठे, कपाळ पूस." "काहून? काय लागलं?" बाईंनी विचारलं. आत्याबाईंना तो शब्द उच्चारवेना. शेवटी म्हणाल्या, "काय न्हाई. ग्रीस लागलंय." बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग कडब्याची पेंढी उचलली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मंग. ग्रीसनं काय व्हतंय."

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. बोटं लाल होती, दिसत होतीच. दिवसभर त्या तशाच फिरल्या. दुधाच्या जीपवाल्यानं बघितलं, शेजारणीनं बघितलं. माझ्या कपाळावर रोज कुंकू असतं, रोज आरशात बघून लावते. त्याच्याकडं कधी कुणी मान वळवून बघितलं नाही. कुंकू माझ्या हातचं, मशीन मी सजवलेली, आणि त्या दिवशी सगळं गाव बघत होतं ते तिच्याकडं. हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी माझ्या जागी उभं राहून दाखवावं. पुढच्या खंडेनवमीला करंडा आत्याबाईंच्या हातात होता, तो बाईंनी सरळ काढून घेतला. "मी लावते. कुठं लावायचं न्हाई ते मला माहीत हाय." माझ्या वाट्याला आलेला मान एका वर्षात परत गेला. विधवेनं कुंकवाला हात लावला म्हणून गावात थोडी कुजबुज झाली, पण मशीन पुढं वर्षभर एकदाही अडली नाही, मग कोण काय बोलणार?

त्यानंतरची वर्षं विजेनं खाल्ली. दिवसा लाइट नाही, आली तर कमी दाबाची, मोटार नुसती गुरगुरायची. बाई लाइटीची वाट बघत मशीनपाशीच बसून राहायच्या. आत्याबाई गेल्या. बाईंची लेक हट्ट्याला नांदायला गेली. घरात आम्ही दोघीच बायका उरलो, तरी रीत बदलली नाही. त्यांनी खोलायचं, मी बॅटरी धरायची. एकदा मी म्हणाले, "बाई, एकदा मला पातं बसवू द्या की." त्या म्हणाल्या, "मी मेल्यावर बसव." आणि स्वतःच हसल्या. मला हसू आलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी हिंगोली, मग नांदेड. लेक जवळ राहिली. मी जाऊ कशी? मी गेले तर धार कोण काढणार?

तरी एकदा गेले. सकाळची धार काढून यष्टी धरली, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. बाई पार वाळल्या होत्या. माझी विचारपूस नाही, पोरांची नाही. "पट्टा सैल पडलाय का?" पहिला प्रश्न. मी म्हणाले, व्हय, थोडा. मग बराच वेळ पट्टा कसा ओढायचा तेच सांगत बसल्या. दम लागत होता तरी सांगत होत्या. मला सगळं येत होतं, तरी मी मान हलवत राहिले. मग म्हणाल्या, "आज सांजची धार कोण काढंल?" "कोण काढंल? म्हैस देत न्हाई कुणाला. मी जाईस्तोवर तुंबून ऱ्हाईल." बाई छताकडं बघत होत्या. "थांबते व्हय तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. कशी हिंमत झाली कुणास ठाऊक, मी विचारलं, "बाई, तुमाला माझा कधी हेवा वाटला का वं?" "न्हाई," त्या म्हणाल्या. लगेच. विचारसुद्धा केला नाही. मग मान वळवून म्हणाल्या, "तुला वाटायचा का?" मीही म्हणाले, "न्हाई." त्यांनी भिंतीकडं कूस केली. येताना यष्टीत मला रडू आलं ते त्यांच्या दुखण्याचं नव्हतं. इतकी वर्षं मी जिच्यावर जळत राहिले, तिला माझ्यात जळण्यासारखं काहीच सापडलं नाही, त्याचं होतं.

मग तो फोन आला. तेरावं होईपर्यंत मशीन बंदच होती. भावकीतल्यांनी हिरवा चारा आणून टाकला, त्यावर जनावरं राहिली. पाहुणे गेले. सकाळी हे गोठ्यात आले, मशीनकडं बघत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "तू बघतीस का जरा? जमंल का तुला?" बघा, आली हाक. फ्यूज काढून पदरात बांधला. पट्टा ओढला, बेरिंगला ग्रीस दिलं, पाती घट्ट केली. कुणी बॅटरी धरायला नव्हतं, तिची गरजही लागली नाही, बोटांना सगळं ठाऊक होतं. चाक हातानं फिरवून ज्वारीचं पान सोडलं. स्वच्छ तुटलं. फ्यूज बसवला, हिरवं बटण दाबलं, आणि मशीन सुरू झाली. पहिल्या दाबाला. अडखळली नाही, गुरगुरली नाही, तोच आवाज, तोच वेग. हे बाहेरून म्हणाले, "वा."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. जिनं तुझा नट न नट पुसला, ऐन दुखण्यात तुझा पट्टा सैल पडल्याची काळजी केली, तिच्यासाठी तुला एक दिवस अडून बसता आलं नाही? माझी म्हैस मी एक रात्र नव्हते तर दूध वर चढवून बसली होती. मी मेले तर दोन-चार दिवस तरी ती कुणाला जवळ येऊ देणार नाही, हे मला माहीत आहे. आणि तेव्हा कळलं की बाईंनाही ते माहीत होतं. लोखंड आपल्यासाठी थांबणार नाही, दुसऱ्या हातानं सुरू होईल, हे त्या छताकडं बघत असतानाच त्यांना कळलेलं होतं. म्हणजे ते "न्हाई"... बाई, तुम्ही खोटं बोललात माझ्याशी. तुम्हालाही वाटायचा. एवढं सांगितलं असतंत तर मी तिथंच तुमच्या खाटेवर बसून पोटभर रडले असते हो, तुमच्यासाठी.

मी लाल बटण दाबलं. कोपऱ्यातला जुना विळा काढला, ठोकळा ओढला आणि कडबा हातानं तोडायला बसले. समोरची जागा रिकामी होती. हे आत आले. "काहून? बंद काहून केलीस? आता तर बराबर चालून राहिली व्हती."

"बिघडली," मी म्हणाले.

"मंग वैनीला हाक..." हे बोलले आणि तिथंच थांबले.

मला तेच ऐकायचं होतं.